हलकू जागलीला गेलाय

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रेमचंदांची 'पूस की रात' शिकवत होते. डिसेंबरची अखेर, सकाळचा पहिला तास, पोरं हात काखेत घालून बसलेली. हलकू नावाचा शेतकरी कंबल घेण्यासाठी मजुरीतून तीन रुपये साठवतो, ते सावकाराच्या हातावर ठेवावे लागतात, आणि पौषातली रात्र तो जाड्याभरड्या चादरीत, उसाच्या पाल्याच्या आडोशाला, जबरा नावाच्या कुत्र्याला कवटाळून काढतो. 'रखवाली' हा शब्द आला. मी फळ्यावर लिहिला आणि सवयीनं अर्थ सांगितला, राखण. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे हलकू जागलीला गेलाय, मॅडम."

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जागल म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. हरभरा घाट्यावर आला, ज्वारी हुरड्यात आली, की घरातला एक माणूस रात्री शेतात मुक्कामाला जातो. माळ्यावर बसतो, मधून मधून डबा वाजवतो, आरोळी देतो. त्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरचं कोणी ना कोणी आदल्या रात्री जागलीला होतं. तो एक शब्द पडला आणि वर्ग सावरून बसला.

पुढं 'नीलगाय' आली. तोवर अर्ध्या वर्गाला ती कुणाची तरी मोकाट सुटलेली गाय वाटत होती. रोही म्हटल्याबरोबर प्रत्येकाकडे सांगण्यासारखं निघालं. मग 'अरहर' आली. अरहर म्हणजे तूर हे मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत मी तिथं कधी थांबले नव्हते. हलकू तुरीची झाडं उपटून त्यांचा झाडू करतो, आमराईतला पालापाचोळा लोटतो आणि शेकोटी पेटवतो. तुराट्यांचा खराटा नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "ओल्या तुरीचा खराटा टिकत नसतो, मॅडम. वाकतो. त्यानं घाईत केलाय. थंडी लै असंल." या कथेवर मी जेवढी समीक्षा वाचली आहे तीत हे निरीक्षण मला कुठं भेटलेलं नाही.

शेवटी रोही शेत फस्त करतात आणि हलकू राखेच्या उबेला पडून राहतो. सकाळी बायको हबकते, आता मजुरी करून सारा भरावा लागणार म्हणते. हलकूच्या चेहऱ्यावर मात्र आनंद असतो, कारण आता थंडीत रात्री इथं झोपायची पाळी येणार नाही. गाईडमध्ये या शेवटाचं उत्तर ठरलेलं आहे : शेतकऱ्याची विवशता, सावकारी शोषण, शेतकऱ्याचा मजूर होणं. चूक काही नाही त्यात. मी वर्गाला विचारलं, हलकू खूश का होतो?

"सुटला तो," तीच मुलगी म्हणाली. "आमच्या बाबांचं तसंच झालं. ज्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षी बाबांनी शेत बटईनं दिलं अन् पुण्याला बांधकामावर गेले. जायच्या आदल्या रात्री आई लै रडली. बाबा निवांत झोपले होते. मी पाहिलंय."

वर्गात कोणी बोललं नाही. मलाही पुढं काही शिकवता आलं नाही. हजेरी घेतली आणि तास सोडला.

विद्यापीठाच्या परीक्षेत याच कथेवर प्रश्न आला आणि त्या मुलीनं गाईडमधलं उत्तर लिहिलं. हे पेपर मध्यवर्ती तपासणीला, म्हणजे 'कॅप'ला जातात. मी तिला विचारलं, का गं? ती म्हणाली, "कॅपला पेपर कोणाकडं जातो काय माहीत, मॅडम. त्यांना नाही पटलं तर?" तिचा हिशेब बरोबर होता, आणि तो बरोबर होता याचंच मला वाईट वाटलं.

सत्तावीस वर्षं मी तालुक्याच्या गावी हिंदी शिकवते आहे. माझं म्हणणं सांगते. महाराष्ट्रात हिंदीची पदवी अशी शिकवली जाते की विद्यार्थ्यानं स्वतःची भाषा चपलांसारखी वर्गाबाहेर काढून यावं. आत आल्यावर तो जणू अलाहाबादेत किंवा बनारसला वाढलेला मुलगा आहे, फक्त जरा कच्चा आहे, असं धरून अभ्यासक्रम चालतो. काळविभाजन, प्रवृत्ती, विशेषता, उद्देश, कथासार. तीन वर्षांत त्याला एकदाही कोणी विचारत नाही की बाबा, तुझ्या घरात कुठली बोली बोलतात आणि तिचं या हिंदीशी काय नातं लागतं. अभ्यासक्रम करणारे कोणी परके नाहीत, माझ्यासारखेच शिक्षक आहेत. आम्ही असेच शिकलो, तसंच शिकवत आलो. ते आता थांबावं असं मला मनापासून वाटतं.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. शाळा उर्दू, कचेरी उर्दू. आजोबा घरात मराठी बोलत, तहसिलीत उर्दू आणि आठवडी बाजारात दक्खिनी. मी हिंदी घेते म्हटल्यावर वडील नाराज झाले, पण आजोबांना आनंद झाला. प्रेमचंद त्यांनी उर्दू लिपीत वाचले होते. प्रेमचंद म्हणजे उर्दूचे लेखक, अशीच त्यांची शेवटपर्यंत समजूत होती, आणि ती अगदीच चूक म्हणता येणार नाही, कारण प्रेमचंदांनी लिहायला सुरुवात केली ती उर्दूतच. माझं पाठ्यपुस्तक हातात घेऊन ते म्हणत, मला अक्षर लागत नाही, तू वाच, मी सांगतो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "मैं गोदान पढ़ी." ते शेजारच्या सरांकडे बघून हसले आणि म्हणाले, मराठवाड़े की हिंदी. मार्क त्यांनी चांगले दिले. तरी पुढं कितीतरी दिवस मी 'मैंने पढ़ा, मैंने खाया' घोकत होते आणि चारचौघांत हिंदी बोलायचं टाळत होते. ते वाक्य मोडकं कसं झालं हे मला एम.ए.ला दक्खिनीचा अभ्यास करताना कळलं. मराठीत आपण 'त्याने वाचलं' म्हणतो, पण 'मी वाचलं', 'तू वाचलंस'. पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषात 'ने' येत नाही. माझ्या वाक्यातला 'ने' गळाला तो मराठीच्या नियमामुळे. आणि क्रियापद कादंबरीमागे न जाता माझ्यामागे आलं, ते दक्खिनीच्या वळणामुळे. त्या एका चुकीत दोन भाषांची व्याकरणं होती. ते मला त्या वयात कोणी समजावून सांगितलं असतं तर मी भाषाविज्ञानाच्या पेपराला भ्याले नसते.

म्हणून आता मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडतच नाही. कोण घरी काय बोलतं ते विचारते. गेल्या काही वर्षांत माझ्या वर्गात तीन प्रकारची मुलं असतात. मराठी बोलणारी, गावातल्या मुसलमान मोहल्ल्यातून येणारी दक्खिनी बोलणारी, आणि बंजारा तांड्यावरून येणारी गोरमाटी बोलणारी. दक्खिनी बोलणाऱ्या मुलींना वाटत असतं की आपली भाषा म्हणजे बिघडलेली उर्दू. त्यांना मी सांगते, तुमच्या 'नक्को'मध्ये मराठीचा 'नको' आहे, तुमच्या 'वोच'मधला 'च' मराठीचा आहे, आणि तुमच्या या भाषेत विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत काव्य लिहिलं गेलं, तेव्हा आजच्या खडी बोलीत कविता करण्याचा विचार उत्तरेतही फारसा कोणाच्या मनात नव्हता. तांड्यावरच्या मुलांची गोष्ट याहून वेगळी. गोरमाटी राजस्थानीच्या जवळची. 'आहे'ला ते 'छ' म्हणतात. मीरेचं पद लागलं की मराठी मुलं अडखळतात आणि तांड्यावरचा मुलगा सहज पुढं जातो. एकदा अशाच एका मुलाला मी पुढं बोलावून पद समजावून सांगायला लावलं. बारावीपर्यंत भाषेच्या तासाला त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं, हे मला त्याच्या मित्रांनी नंतर सांगितलं.

असा वर्ग उत्तरेतल्या कुठल्या कॉलेजात भरत असेल? हिंदीच्या आजूबाजूची एवढी संपत्ती एका खोलीत बसलेली असते, आणि आमची प्रश्नपत्रिका त्यांना विचारते, छायावादाची प्रमुख वैशिष्ट्ये लिहा.

मराठी मुलांकडे तर अख्खी किल्ली आहे, तीही उलटसुलट फिरणारी. 'शिक्षा' म्हटलं की त्यांना छडी आठवते, हिंदीत ते शिक्षण. 'संसार' आपल्याकडे चूल आणि मूल, तिकडे सगळं जग. 'चेष्टा' इथं थट्टा, तिथं प्रयत्न. आपली 'ताई' मोठी बहीण, त्यांची 'ताई' मोठी चुलती. देह आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ती. आत्माही आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ती. आणि व्यक्ती आपल्याकडे ती, त्यांच्याकडे तो. आपल्या नपुंसकलिंगाला हिंदीत घरच नाही, म्हणून 'पुस्तक' तिकडे बाई होतं आणि 'पाणी' पुरुष. पोरं याला अवघड म्हणतात. मला ही मराठी मुलाला फुकट मिळालेली प्रयोगशाळा वाटते. एकदा मी साधं वाक्य दिलं, 'आम्ही निघतो, मग आपण सगळे उद्या भेटू.' हिंदीत दोन्हीकडे 'हम'. एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग त्यांना कळतं कसं की आपल्याला धरलंय का वगळलंय?" त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला, आणि गेला याचा मला आनंद आहे.

साहित्याचंही असंच. नामदेवांचं नरसी आमच्या जिल्ह्यातलं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात घुमानला त्यांचं वास्तव्य होतं असं परंपरा सांगते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं, तेव्हा आपल्याकडे चार दिवस त्याची चर्चा झाली. मी विद्यार्थिनी होते तेव्हा भक्तिकाळाच्या पेपरात कबीरांना पंधरा पानं होती आणि नामदेवांना कबीरांच्या आधीचे एक संत म्हणून दोन ओळी. एका वर्षी मी मुलांना नरसीला घेऊन गेले. नांदेडला हुजूरसाहिबच्या दर्शनाला आलेली पंजाबी मंडळी पुढं नरसीलाही येतात, तशी ती आलेली होती. त्यातल्या एका सरदारजींनी मुलांना नामदेवांचं पद म्हणून दाखवलं. तोंडपाठ, डोळे मिटून. त्यात 'बीठलु' असा शब्द आला आणि मुलांनी एकदम माना वर केल्या. आपला विठ्ठल, पंजाबी उच्चारात, तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या पदात. परत येताना गाडीत ती मुलं जे बोलत होती तो भक्तिकाळाचा पेपर होता.

गजानन माधव मुक्तिबोध आधुनिक हिंदीतले केवढे मोठे कवी. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे नामवंत कवी. १९६४ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांचा 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह आला. त्यांच्या 'अंधेरे में' या दीर्घ कवितेत टिळकांचा पुतळा आहे आणि त्याच्या नाकातून रक्त वाहतं. आमची मुलं ही कविता 'फँटसी'ची व्याख्या पाठ करून पार पाडतात. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषांत कविता का लिहिली असेल, हा प्रश्न मी कुठल्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात सप्रे, बाबूराव विष्णु पराडकर ही मराठी घरांतली नावं वगळून पुढं जाताच येत नाही.

उलट्या दिशेचा प्रवासही आहे. 'जूठन' लिहिणारे ओमप्रकाश वाल्मीकि मुजफ्फरनगर जिल्ह्यातले, पण आयुध कारखान्याच्या नोकरीनं त्यांना अंबरनाथला आणि पुढं चंद्रपूरला आणलं, आणि दलित साहित्य म्हणजे काय हे त्यांना इथं, मराठीतून कळलं. दया पवारांचं 'बलुतं' दामोदर खडसे यांच्यामुळे हिंदीत 'अछूत' झालं. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' हिंदीत नेणारे सूर्यनारायण रणसुभे लातूरला हिंदीचे प्राध्यापक होते. हिंदीतल्या दलित आत्मकथनांमागे मराठवाड्यातल्या एका हिंदी शिक्षकाचा हात आहे, आणि मराठवाड्यातलाच हिंदीचा विद्यार्थी हे न कळता पदवीधर होतो.

आता सक्तीबद्दल बोलायला हवं, कारण मला तो प्रश्न रस्त्यात थांबवून विचारला गेला आहे. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १७ जूनला तो बदलून आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत काही सहकारी मला म्हणाले, तुमचं बरं झालं, शिक्षक लागतील, विद्यार्थी वाढतील. मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते, मी या सक्तीच्या विरोधात होते आणि आहे. सहा वर्षांच्या लेकराला आधी आपल्या आईच्या भाषेत मनसोक्त वाचू द्या. माझ्याकडे जी मुलं येतात त्यांनी पाचवीपासून हिंदी केलेलं असतं. ते त्यांच्यापर्यंत कसं पोचलेलं असतं ते मी रोज बघते : मार्क काढून देणारा विषय म्हणून. कविता म्हणजे भावार्थ, गोष्ट म्हणजे रिकाम्या जागा. पहिल्या सहामाहीचा माझा बराच वेळ ती सवय मोडण्यात जातो. सक्ती आणखी चार वर्षं खाली नेली असती तर ती सवय आणखी खोल गेली असती. हिंदी साहित्यावर माझं प्रेम आहे म्हणूनच ते कोणाच्या गळ्यात बांधलेलं मला बघवत नाही.

पण त्याच दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलाला बसस्टँडवर कुणीतरी हटकलं, मराठी असून हिंदीत पदवी कशाला करतोस म्हणून. तो गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत खाली घालून आला. त्याचं मला फार लागलं. पहिलीतल्या लेकरावर लादलेली हिंदी आणि अठरा वर्षांच्या मुलानं आपणहून निवडलेली हिंदी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. जो पहिल्या गोष्टीला विरोध करतो त्यानं दुसऱ्या गोष्टीच्या पाठीशी उभं राहायला हवं.

शिवाय मराठीची काळजी असलेल्यांना मी एक गोष्ट दाखवू इच्छिते. आज मराठीत 'माझी मदत कर' सर्रास ऐकू येतं. आपण 'मला मदत कर' म्हणत होतो. 'खूप सारे लोक' आलेत, ते 'बहुत सारे'च्या बोटाला धरून. जाहिराती, मालिका, सरकारी पत्रकं यांतून हे रोज झिरपतं, कारण ती बहुतेक हिंदीतून घाईनं मराठीत केलेली असतात, दोन्ही भाषा अर्धवट येणाऱ्या माणसांकडून. हे नेमकं कुठून आलं ते सांगू शकेल असा माणूस कोण? ज्यानं हिंदी नीट शिकली आहे आणि मराठी टाकलेली नाही, तो. असे पदवीधर आम्ही तयार करू शकतो. आमच्याकडे अनुवादाचा पेपर असतोसुद्धा. पण त्यात 'अनुवाद की परिभाषा', 'अनुवाद के प्रकार', 'अनुवादक के गुण' एवढंच पाठ करायचं. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत ज्यांना अनुवादाच्या पेपरात ऐंशीच्या पुढं मार्क आहेत आणि ज्यांनी आयुष्यात एक पान अनुवादित केलेलं नाही.

नोकरीचं बोलल्याशिवाय कुठलाच पालक ऐकत नाही, आणि ते बरोबरही आहे. दर जूनला आम्ही प्राध्यापक घरोघरी जातो, कारण प्रवेश झाले नाहीत तर कार्यभार उरत नाही. हिंदी घ्या, सोपं आहे, मार्क पडतात, असं माझेच सहकारी सांगतात. मी ते सांगायचं सोडलं आहे. सोपं म्हणून आलेला मुलगा तीन वर्षं सोपंच शोधतो, आणि बाहेर पडल्यावर त्याच्या हातात काही नसतं. केंद्र सरकारच्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात येतो. केंद्राच्या कचेऱ्या आणि सरकारी बँका यांत हिंदी अधिकारी, अनुवादक लागतात. पण कनिष्ठ अनुवाद अधिकाऱ्याच्या परीक्षेला हिंदीतलं एम.ए. पुरत नाही, पदवीपर्यंत इंग्रजीही लागतं, आणि दुसऱ्या पेपरात हिंदीतून इंग्रजीत, इंग्रजीतून हिंदीत उतारे समोर ठेवतात. इंग्रजीत काठावर पास होऊन आमच्याकडे आलेल्या मुलांना हे एम.ए. झाल्यावर, अर्ज भरताना कळतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगायला हवं ते पाच वर्षांनी. म्हणून मी प्रत्येक घरी सांगते, हिंदी घ्यायचं असेल तर जोडीला इंग्रजी सोडू नका आणि मराठी तर अजिबात सोडू नका, तीन भाषांचं काम आहे, मेहनत पडेल. काही पालक हे ऐकून मागं फिरतात. फिरू देत.

आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलं आहे, पेपर नव्यानं मांडले जाताहेत. अशा वेळी विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे माझं मागणं मोठं नाही. सहाही सत्रांत प्रत्यक्ष अनुवाद असू द्या, मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत, शब्दकोश हाताशी ठेवून. त्याच्या व्याख्या हव्या तर मागून येऊ द्या. नामदेव आणि दक्खिनी पहिल्याच सत्रात असू देत. वर्षाला एक तरी कादंबरी अख्खी वाचून घ्या. सहा पुस्तकांचे उतारे नकोत. आणि पेपर तपासणाऱ्यांना लेखी सूचना द्या, की विद्यार्थ्यानं कथेबद्दल स्वतःच्या गावातून, स्वतःच्या घरातून काही लिहिलं असेल तर ते उत्तर धरावं. ही शेवटची सूचना निघाली तरी माझ्या त्या मुलीचा हिशेब बदलेल.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजी तिनं सोडलेलं नाही. या वर्षी आम्ही पेपरात नसताना 'पूस की रात' मराठीत करायला घेतली आहे, आमच्या बोलीत. दर सोमवारी शेवटचा तास. वहीवर कुणीतरी आधी 'पौषातली रात्र' लिहिलं होतं, ते खोडून आता तिथं 'जागल' आहे. 'अलाव'ची शेकोटी झाली, 'ऊख'चा ऊस झाला, हलकूच्या बायकोच्या तोंडी कुठली बोली द्यायची यावर दोन तास गेले. अडलंय ते 'कम्मल'वर. मराठी मुलं घोंगडं म्हणतात. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो, घोंगडं मेंढरांच्या लोकरीचं असतं, ते तीन रुपयांत आलं असतं का, आधी ते शोधा. दक्खिनी बोलणारी मुलगी म्हणते, कंबलच ठेवा, आमच्या घरात कंबलच म्हणतात आणि आम्हीही इथलेच आहोत. परवाच्या सोमवारी त्यावर पुन्हा बसायचं आहे.